फातोर्डा आणि ढाका झाल्यावर भारतीय फुटबॉल संघाकडून नेमकी कशाची आशा धरावी?

सावंतवाडीचा प्रेक्षक
१ डिसेंबर २०२५

सर्वांना नमस्कार.

१४ ऑक्टोबरला मी आणि माझा पाचवीतला भाचा दुपारच्या गाडीने सावंतवाडीहून मडगावला गेलो आणि संध्याकाळी फातोर्ड्याच्या मैदानावर भारत विरुद्ध सिंगापूर हा सामना पाहिला. चौदाव्या मिनिटाला छांगतेने बऱ्याच लांबून मारलेला चेंडू जाळ्यात शिरला, तेव्हा शेजारच्या अनोळखी काकांनी भाच्याला उचलून थेट खुर्चीवर उभे केले आणि पुढचा अर्धा तास तो तिथून खाली उतरलाच नाही. मध्यंतर तोंडावर आले असताना सिंगापूरच्या सोंग उई-यंगने बरोबरी केली आणि उत्तरार्धात, ५८व्या मिनिटाला, त्यानेच दुसरा गोल केला. त्यानंतरचा खेळ ज्यांनी पाहिला त्यांना वेगळे सांगायला नको. चेंडू या बगलेवरून त्या बगलेवर जात राहिला, अधूनमधून गोलच्या तोंडाशी उंच टाकला जात राहिला, पण तो आत ढकलणारा माणूस काही तिथे सापडला नाही. परतताना भाच्याने एकच विचारले, "मामा, आपल्यात गोल मारणारा कोण आहे?" इतक्या वर्षांच्या सवयीने छेत्रीचे नाव ओठांवर आले आणि मी गप्प बसलो.

सुनील छेत्रीने ६ जून २०२४ रोजी कोलकात्यात कुवेतविरुद्धच्या गोलशून्य सामन्यानंतर निरोप घेतला होता. त्या वर्षात आपल्या संघाने एकही सामना जिंकला नाही. मग मार्च २०२५मध्ये त्याला पुन्हा बोलावण्यात आले आणि शिलाँगला मालदीवविरुद्ध त्याने आल्या आल्या हेडर मारून आपला ९५वा आंतरराष्ट्रीय गोल केला. तो परत आला याचा मला आनंद झाला होता आणि चाळिशीत त्याला परत यावे लागले याची थोडी लाजही वाटली होती. एवढे करूनही आशियाई चषकाच्या पात्रता गटात पाच सामन्यांत आपले दोन गोल आणि दोन गुण झाले. बांगलादेशशी शिलाँगला गोलशून्य बरोबरी, हाँगकाँगमध्ये भरपाईच्या वेळेत पेनल्टीवर हार, सिंगापूरमध्ये नव्वदाव्या मिनिटाला वाचवलेली बरोबरी, मग फातोर्डा आणि शेवटी १८ नोव्हेंबरला ढाका, जिथे २००३नंतर प्रथमच बांगलादेशने आपल्याला हरवले. २०१९ आणि २०२३ अशा लागोपाठ दोन आशियाई चषकांत खेळलेला संघ २०२७ला सौदी अरेबियात नसेल.

असे असताना काल, ३० नोव्हेंबरला, अहमदाबादेत आपल्या सतरा वर्षांखालील मुलांनी एका गोलने मागे पडूनही इराणला २-१ असे हरवले आणि त्यांच्या वयोगटाच्या आशियाई चषकातली जागा मिळवली. भाचा पुन्हा खुर्चीवर चढला, या वेळी घरातल्या. मीही टाळ्या वाजवल्या, पण मनातून कचरत होतो, कारण अशा टाळ्या आपण आधीही वाजवल्या आहेत.

माझा प्रश्न असा. संघाची पुनर्बांधणी चालू आहे असे गेली दीड-दोन वर्षे आपण सगळेच म्हणतो, पण ती खरोखर चालू आहे हे ओळखण्याची खूण कोणती? खालिद जमील यांच्याकडे प्रशिक्षकपद सोपवणे ही ती खूण मानावी, काल जिंकलेली मुले मानावी, की परदेशी पारपत्र सोडून आपल्याकडून खेळायला तयार झालेला एखादा खेळाडू? भाच्याला मी खोटी आशा दाखवू इच्छित नाही आणि त्याचा उत्साह मारण्याचीही माझी इच्छा नाही.

कूपरेजची पायरी
१ डिसेंबर २०२५

सावंतवाडीकर, आपल्या भाच्याने अचूक जागी बोट ठेवले आहे. त्यावर मागून येतो, आधी खालिद यांच्याविषयी लिहितो, कारण त्यांना मी पायऱ्यांवरून बरीच वर्षे पाहिले आहे.

२००९ ते २०१६ या काळात ते मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते. तो संघ कौतुकाने पाहायला जावा असा नव्हता, हे मी त्याचा समर्थक असूनही कबूल करतो. आम्ही मुंबईच्या कूपरेज मैदानाच्या पायऱ्यांवर कटिंग घेऊन बसायचो आणि नव्वद मिनिटांत चेंडू किती वेळा जमिनीवर राहिला ते मोजायचो. मात्र हाताशी मोजकेच खेळाडू आणि मोजकेच पैसे असताना तो संघ वर्षानुवर्षे आय-लीग या देशाच्या तेव्हाच्या अव्वल लीगमध्ये टिकला, आणि खालिद गेल्यानंतरच्या पहिल्याच हंगामात खाली घसरला. त्याच हंगामात, २०१६-१७मध्ये, खालिद यांनी ऐझॉलला आय-लीग जिंकून दिली. हा तोच संघ होता जो आदल्या वर्षी पदावनत झाला होता आणि गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळे कसाबसा परत आला होता. त्यामुळे हा माणूस तुटक्या सामानातून काही उभे करू शकतो, याविषयी माझ्या मनात शंका नाही. सावियो मदेरा यांच्यानंतर इतक्या वर्षांनी पूर्ण वेळेसाठी भारतीय प्रशिक्षक नेमला गेला, तोही असा, याचे मला समाधान आहे.

त्यांची पद्धत आधी घराची दारे लावून घेण्याची आहे. ऑगस्टमध्ये पद स्वीकारल्यावर महिनाभरातच मध्य आशियातल्या काफा नेशन्स कपमध्ये त्यांनी ताजिकिस्तानला त्यांच्याच मैदानावर २-१ असे हरवले आणि ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरा क्रमांक मिळवला. आता भाच्याच्या प्रश्नाकडे येऊ. ताजिकिस्तानविरुद्धचे दोन्ही गोल कोणी केले? अन्वर अलीने आणि संदेश झिंगनने. दोघेही बचावपटू. त्याआधी मालदीवविरुद्धचा पहिला गोलही आपल्या मुंबईच्या राहुल भेकेचा होता, आणि तोही बचावपटूच. बचावपटूंनी गोल करावेत, त्याला कोणाची हरकत नाही, पण घर चालवायला तेवढ्यावर विसंबता येत नाही.

याचे कारण आपल्या लीगमध्ये आहे. २०२४-२५च्या इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) सर्वाधिक २३ गोल नॉर्थईस्ट युनायटेडच्या मोरोक्कोच्या अलाएद्दीन अजाराईने केले, आणि भारतीयांत सर्वाधिक १४ गोल केले ते चाळिशी गाठलेल्या छेत्रीने. क्लबचा मालक पैसे मोजतो तो गोलसाठी, म्हणून बहुतेक क्लब सेंटर फॉरवर्डच्या जागी परदेशी खेळाडू आणतात. त्या जागेवर घडलेला आपला मुलगा मग विंगवर ढकलला जातो किंवा शेवटची दहा मिनिटे मैदानात येतो. राष्ट्रीय प्रशिक्षक कोणीही असो, आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

परदेशी पारपत्र सोडणाऱ्या खेळाडूविषयी, म्हणजे रायन विल्यम्सविषयी, आपण विचारलेच आहे. त्याच्या आईकडचे घराणे मुंबईचे आहे आणि त्याचे आजोबा संतोष ट्रॉफीत मुंबईकडून खेळले होते, त्यामुळे तो आमच्या गल्लीतला आहे असे मी आनंदाने म्हणेन. त्याने ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडले, ही साधी गोष्ट नाही. पण तो बत्तीस वर्षांचा आहे. त्याच्यामुळे दोन वर्षे सोय होईल, संघ बांधला जाणार नाही.

दोहाकर
२ डिसेंबर २०२५

मी कतारमध्ये बारा वर्षांपासून आहे. १८ जानेवारी २०२४च्या संध्याकाळी अहमद बिन अली स्टेडियमवर २०२३च्या आशियाई चषकातला भारत विरुद्ध उझबेकिस्तान सामना पाहायला आमच्या इमारतीतून दोन गाड्या भरून गेलो होतो. वाहनतळापासून दरवाजापर्यंत सगळीकडे निळा रंग होता, मल्याळी मित्रांचे ढोल होते, आणि आमच्याकडे एक भगवा फेटाही होता. आत जाऊन जागा शोधेपर्यंत चौथ्या मिनिटाला गोल झाला. मध्यंतरापर्यंत तीन झाले होते. आपण एकही केला नाही, आणि त्या स्पर्धेतल्या तिन्ही सामन्यांत करू शकलो नाही.

तो पहिला गोल अब्बोसबेक फैझुल्लाएव या वीस वर्षांच्या मुलाचा होता. घरी आल्यावर मी त्याचे नाव शोधले. दहा महिन्यांपूर्वी, मार्च २०२३मध्ये, ताश्कंदला झालेल्या वीस वर्षांखालील आशियाई स्पर्धेत उझबेकिस्तान विजेता ठरला होता आणि हाच मुलगा स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू होता. म्हणजे त्या देशाने विजेत्या मुलांना सांभाळून ठेवण्याऐवजी वर्षाच्या आत मोठ्यांच्या मैदानात उतरवले होते. त्याही आधी त्यांनी अशाच वयाच्या मुलांचा एक संघ क्लब म्हणून आपल्या लीगमध्ये खेळवला होता, की मुलांना दर आठवड्याला थोराड बचावपटूंच्या कोपरांची सवय व्हावी. आता ते २०२६च्या विश्वचषकाला पात्र ठरले आहेत. त्याआधी कित्येक वर्षे ते अगदी शेवटच्या पायरीवर घसरत आले होते, हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे कोणत्याही योजनेला तीन वर्षांपेक्षा जास्त वेळ दिला तर लोकांना उगाच चैन पडत नाही.

तेव्हा माझ्या मते खूण प्रशिक्षकाच्या नावात शोधू नये. परवा इराणला हरवणाऱ्या मुलांपैकी किती जण दोन वर्षांनी दर आठवड्याला प्रौढांबरोबर पूर्ण सामना खेळत आहेत, तेवढे पाहावे.

गुणतक्ता
२ डिसेंबर २०२५

सर्वांचा मान राखून मला थोडे विरुद्ध बोलायचे आहे. मुलांवर विश्वास ठेवावा, हे म्हणायला छान आहे, पण मधली वर्षे हरून काढली तर त्याची किंमत मोजावी लागते. २०२३च्या जुलैत आपण जागतिक क्रमवारीत ९९वे होतो. आज १४२वे आहोत. गटवाटणी क्रमवारीवर ठरते. २०२७च्या पात्रता फेरीत आपण सोडतीच्या पहिल्या भांड्यात (वरच्या मानांकनाच्या संघांत) होतो, म्हणजे आपल्याला तुलनेने सोपा गट मिळाला होता, आणि तरी शेवटी हे झाले. पुढच्या वेळी आपण खालच्या भांड्यात असू आणि गटात आपल्यापेक्षा वरचढ दोन संघ येतील. मागच्या विश्वचषक पात्रतेत आशियातल्या तळाच्या वीस संघांना आधी एक प्राथमिक फेरी खेळावी लागली होती. असेच घसरत राहिलो तर तीही वेळ दूर नाही. म्हणून विल्यम्ससारखे खेळाडू मिळत असतील तर घ्यावेत, झिंगन आणि गोलरक्षक गुरप्रीत यांना आणखी काही काळ ठेवावे आणि मिळतील तेवढे सामने जिंकावेत. पुनर्बांधणीच्या नावाखाली प्रत्येक पराभव पोटात घालण्याची सवय लागली की मग ती सुटत नाही.

फातोर्डा-बोर्डा
२ डिसेंबर २०२५

मी मडगावची आहे आणि त्या सामन्याला मीही होते. भाच्याला उचलणारे ते काका आमच्यापैकीच कोणी असतील.

आपण सगळेच "भारतीय संघ" लिहितो आणि त्यातून केवळ पुरुषांचा संघ गृहीत धरतो, एवढीच नोंद करते. ५ जुलै २०२५ रोजी चियांग मायला महिला संघाने थायलंडला त्यांच्याच घरी २-१ असे हरवले आणि पात्रता फेरीतून प्रथमच आशियाई चषकात जागा मिळवली. मार्चमध्ये त्या ऑस्ट्रेलियात खेळतील. त्या सामन्यातले दोन्ही गोल मधल्या फळीतल्या संगीता बासफोरचे होते. मुलाला "आपल्यात गोल मारणारे कोण" याचे उत्तर हवे असेल तर तेही दाखवावे.

पेठेतला
३ डिसेंबर २०२५

कोल्हापूरहून लिहितो. आमच्या पेठेत फुटबॉल हा घरातल्या गणपतीइतकाच आपला मानतात. पाटाकडील आणि दिलबहार यांचा सामना असला की शाहू स्टेडियमच्या दिशेने दुपारपासून दुचाक्या निघतात आणि ज्याला ऑफसाइड समजत नाही तोही पंचांना नियम शिकवतो. तरीही इतक्या वर्षांत कोल्हापूरने देशाला दिलेले खेळाडू बोटांवर मोजण्याइतकेच आहेत, हे आम्ही आपसांत बोलतो आणि बाहेर सांगत नाही. आमच्याकडेही काही संघ हंगामासाठी आफ्रिकेतले खेळाडू आणतात आणि त्यांना गोलच्या समोरच उभे करतात, त्यामुळे कूपरेजकरांनी आयएसएलविषयी लिहिलेले वाचून मला जरा ओशाळल्यासारखे झाले.

पण मला लिहायचे आहे ते २०१७विषयी. सतरा वर्षांखालील विश्वचषक तेव्हा आपल्याकडे झाला आणि आमचा अनिकेत जाधव त्या संघात होता. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२ आणि घानाकडून ०-४ अशा तीन हारी झाल्या. दिल्लीत कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने डोक्याने गोल केला तेव्हा आमच्या चौकात लावलेल्या पडद्यासमोर फटाके वाजले होते, आणि ती वात विझायच्या आत कोलंबियाने दुसरा गोल केला होता. स्पर्धा संपल्यावर वर्तमानपत्रांनी त्या मुलांचा विषय बंद केला. सावंतवाडीकर म्हणतात त्या वाया गेलेल्या टाळ्या त्याच असाव्यात.

त्या वाया गेल्या का, हे मात्र तपासून पाहावे. स्पर्धेनंतर महासंघाने त्यांतल्या बहुतेक मुलांना एकत्र ठेवून इंडियन ॲरोज या नावाने आय-लीगमध्ये उतरवले. ती पोरे पुष्कळ सामने हरली. दोहाकरांनी उझबेकिस्तानचे जे सांगितले, तसेच काहीसे आपणही केले होते. आता या वर्षीचे गोल पाहा. ताजिकिस्तानविरुद्ध पहिला गोल करणारा अन्वर अली त्या २०१७च्या संघातला आहे. मध्ये हृदयविकाराच्या निदानामुळे त्याचे खेळणेच थांबण्याची वेळ आली होती, त्यातून तो परतला. सिंगापूरमध्ये नव्वदाव्या मिनिटाला बरोबरी साधणारा रहीम अली, तोही त्याच तुकडीतला. जॅक्सन आणि सुरेश वांगजाम मधल्या फळीत वर्षानुवर्षे खेळत आहेत, तेही त्यातलेच. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा राष्ट्रीय संघात गोल करण्याइतका पिकायला आठ वर्षे लागली.

आणि आपण काय केले? २०२२मध्ये ॲरोज बंद केला. त्यानंतरच्या मुलांना वयोगटाच्या लीग आहेत, पण तिथे समोर त्यांच्याच वयाची मुले असतात. सप्टेंबरमध्ये नौशाद मूसा यांच्या तेवीस वर्षांखालील संघाने दोह्यात बहारीनला २-० आणि ब्रुनेईला ६-० असे हरवले, कतारविरुद्ध एका गोलने हरले, आणि सहा गुण असूनही पात्रता हुकली. ही मुले चांगली आहेत. ती आत्ता खेळत कुठे आहेत? गोव्यात सुपर कप चालू आहे तेवढेच, कारण महासंघ आणि लीगचे आयोजक यांच्यातला पंधरा वर्षांचा करार संपत आला आणि डिसेंबर उजाडला तरी आयएसएलचा हंगाम सुरू झालेला नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सिंगापूर-बांगलादेशच्या खेळाडूंपुढे शेवटच्या वीस मिनिटांत आपले पाय जड का वाटत होते, याची कारणे लोक प्रशिक्षकाच्या डावपेचांत शोधतात. उन्हाळ्यापासून लीगचा एकही सामना न खेळलेला गडी कुस्तीच्या फडात उतरवला असता तर वस्तादाने आधी काय विचारले असते, ते कोल्हापुरात तरी कोणाला सांगावे लागत नाही.

गुणतक्ता यांचे क्रमवारीविषयीचे म्हणणे मला पटते. पण झिंगनला ठेवण्याने अन्वर घडला नव्हता. तो हरणाऱ्या ॲरोजमधून घडला.

सावंतवाडीचा प्रेक्षक
४ डिसेंबर २०२५

सर्वांचे मनापासून आभार. पेठेतल्या मित्रांचे उत्तर मी दोनदा वाचले आणि रात्री वहीत हिशेब मांडला. अहमदाबादेत जिंकलेली मुले २०३३च्या सुमारास अन्वरच्या आजच्या वयाची होतील. माझा भाचा तेव्हा कॉलेजात असेल. हे मी त्याला जसेच्या तसे सांगितले. त्याला आठ वर्षे फार वाटली नाहीत, याचे मला आश्चर्य वाटले. दहा वर्षांच्या मुलाला बहुधा सगळेच आकडे सारखे वाटतात. त्याने उलट विचारले की मधल्या आठ वर्षांत ती मुले दर रविवारी कुठे खेळतील, आणि ते मी जाऊन पाहू शकतो का. लीगचे काय होणार, हे कोणालाच सांगता येत नसल्यामुळे मला उत्तर देता आले नाही. मडगावच्या ताईंनी सुचवल्याप्रमाणे चियांग मायच्या सामन्याचे दोन्ही गोल मात्र आम्ही मोबाइलवर पाहिले. दुसरा गोल त्याने चार वेळा लावायला सांगितला.

गुणतक्ता यांना एवढेच सांगतो की मार्चमध्ये हाँगकाँगविरुद्ध आपला गटातला शेवटचा सामना आहे. त्याला पात्रतेच्या दृष्टीने काही अर्थ उरलेला नाही, आणि म्हणूनच त्या दिवशी खालिद सेंटर फॉरवर्डच्या जागी कोणाला उभे करतात हे पाहण्याची मला उत्सुकता आहे. तेवीस वर्षांखालील संघातला एखादा मुलगा पूर्ण नव्वद मिनिटे खेळला, तर निकाल काहीही लागला तरी मी त्याला खूण मानीन.

पेठेतल्या मित्रांना एक विनंती. कोल्हापूरच्या केएसए लीगचे वेळापत्रक लागले की इथे कळवावे. सावंतवाडीहून आंबोली घाटाने सकाळी लवकर निघालो तर दुपारच्या सामन्याला आरामात पोहोचता येते. भाच्याला पाटाकडील-दिलबहार सामना पाहायचा आहे. कोणत्या बाजूला बसणे सुरक्षित, तेही कृपया सांगावे.